कानाने आलेली इंग्रजी, डोळ्यांनी आलेली इंग्रजी

हंगामात राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली की रांगेतल्या माणसांच्या तोंडी तीन-चार इंग्रजी शब्द सारखे येत असतात. ग्रेडर आला का? जिनिंग चालू हाय का बंद? मॉइश्चर किती निंगालं? कापसातला ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, 8 ते 12 मध्ये असेल तर त्या प्रमाणात कपात, आणि 12 च्या वर गेला तर गाडी माघारी. वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब ज्या शब्दावर ठरतो, तो शब्द माणूस लक्ष देऊन ऐकतो. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्याच्या या तालुक्यात 'मॉइश्चर' कुणी कुणाला शिकवलेला नाही. घाईत कुणी 'मॉइचर' म्हणतो, पण समोरच्याला अर्थ कळतो आणि इंग्लंडातल्या माणसालाही तो कळेल.

त्याच घरातली आठवीतली मुलगी सेमी इंग्रजीचे विज्ञानाचे पुस्तक उघडते आणि हाच शब्द 'मोइस्टुरे' असा वाचते. वर्ग हसतो. मुलगी खाली बसते, आणि पुढच्या वेळी वाचायला उभी राहताना तिचा आवाज निम्मा झालेला असतो.

शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या बापाचा उच्चार बरोबर आणि शिकणाऱ्या मुलीचा चूक, हे घडते कसे? चुकीच्या उच्चारांच्या याद्या पुष्कळ छापल्या जातात. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर, खाली पाठ करण्याची सूचना. पुढे येणारी यादीही तशी दिसेल. पण तिच्याआधी या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे, नाहीतर यादी हे मुलांना खाली बसवण्याचे आणखी एक साधन होईल.

मराठी मुलखात इंग्रजी दोन वाटांनी आली. एक वाट कानाची: पलटण, रेल्वे, कोर्ट, दवाखाना, जिनिंग, मोटार दुरुस्तीचे दुकान. दुसरी वाट डोळ्यांची: पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका, अर्जाचा नमुना. पहिल्या वाटेने आलेले शब्द तोंडात रुळले, काही थोडे झिजून, काही जसेच्या तसे. चुकीच्या उच्चारांच्या यादीत भरती होते ती जवळपास सगळी दुसऱ्या वाटेच्या शब्दांची.

पहिल्या वाटेचे काही शब्द तपासून पाहावेत. 'कर्नल' हा शब्द मराठीत सर्रास वापरला जातो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र र नाही. दोन एल आहेत, दोन ओ आहेत. फ्रेंचमधून आलेले रूप र घेऊन आले, लिहिताना पंडितांनी इटालियन रूपाकडे पाहून ल ठेवला, आणि बोलणे व लिहिणे यांची कायमची फारकत झाली. मराठी माणसाला या भानगडीची झळ लागली नाही, कारण त्याने स्पेलिंग पाहण्याआधी शब्द ऐकला. 'लेफ्टनंट'चेही तेच: स्पेलिंगमध्ये फ शोधून सापडत नाही, तरी गावातल्या निवृत्त फौजीला तो फ पक्का ठाऊक असतो. चहाच्या टपरीवरचे 'बिस्किट' घ्या. इंग्रजीत तो शब्द कित्येक वर्षे ऐकू येतो तसाच लिहिला जात होता; पुढे फ्रेंच वळणाचे स्पेलिंग आले आणि मध्ये एक निरुपयोगी यू शिरला. टपरीवर तो यू पोहोचलाच नाही.

आणि 'जिनिंग'. राळेगावच्या परिसरात हा शब्द सरकी आणि रुई यांच्याइतकाच घरचा आहे. सरकी काढणाऱ्या यंत्राचे 'जिन' हे नाव 'एंजिन' या शब्दाचे शेपूट आहे, पुढचा भाग गळून उरलेले. म्हणजे शेतातल्या पंपाचे इंजिन आणि कापसाचे जिन हे मुळात एकच. या शब्दात इंग्रजी जी हे अक्षर ज असे उच्चारायचे, ग असे नाही, हे इथल्या हमालालाही माहीत आहे. उलट जगभरचे संगणकवाले एका जीसाठी वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. हलत्या चित्रांची जी फाइल 1987 मध्ये निघाली, तिला कुणी 'गिफ' म्हणतो, कुणी 'जिफ'. ती तयार करणाऱ्या स्टीव्ह विल्हाइट यांनी 2013 मध्ये पुरस्कार घेताना 'जिफ' हाच उच्चार बरोबर असल्याचे जाहीर केले, तरी भांडण मिटले नाही. हा शब्द लोकांनी आधी पडद्यावर वाचला आणि मग तोंडाने म्हटला. जिनिंगचे भांडण झाले नाही, कारण तो शब्द यंत्राच्या आवाजासोबतच कानात शिरला होता.

आता डोळ्यांच्या वाटेचे शब्द. कर्ज या अर्थाचा शब्द 'डेब्ट' असा वाचला जातो, उच्चार 'डेट'. बुधवारचा 'वेडनेसडे' होतो, म्हणायचे 'वेन्झडे'. 'डिटरमाइन', 'एक्झामाइन' असे शेवटी माइन लागते, तिथे नुसते मिन हवे. स्त्रिया या अर्थाचे अनेकवचन 'वुमेन' वाचले जाते, ते 'विमिन'. 'व्हेजिटेबल' आणि 'कम्फर्टेबल' यांत लाकडी टेबल येऊन बसते; इंग्रज ते टेबल जवळपास गिळून टाकतो. कासवाचा 'टॉर्टॉइज' होतो, म्हणायचे 'टॉर्टस'. खुद्द उच्चार या अर्थाचा इंग्रजी शब्दही 'प्रोनाउन्सिएशन' असा वाचला जातो, कारण क्रियापदात 'नाउन्स' आहे. नाम होताना तो 'नन्स' होतो हे स्पेलिंगमधल्या एका गळालेल्या ओवरून ओळखायचे असते.

या सगळ्या चुकांत एक धागा आहे. मुलगी अक्षरावर विश्वास ठेवते. पहिलीपासून तिला मराठीने तेच शिकवले आहे: लिहिले ते वाच, वाचले ते बोल. देवनागरी आपला शब्द बहुतेक पाळते. बहुतेक म्हणण्याचे कारण असे की मराठीलाही तिची गुपिते आहेत. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'तला च वेगळे, 'जग'मधला ज आणि 'जगणे'तला ज वेगळे, आणि लिपीत दोघांना एकच अक्षर. 'घर' लिहिताना शेवटी पूर्ण र लिहितो, बोलताना तो अर्धाच सुटतो. हे भेद कुठल्या पुस्तकाने शिकवले? आईच्या बोलण्याने शिकवले. मराठीत जिथे लिपी गप्प राहते तिथे कान काम करतो. इंग्रजीच्या तासाला मुलीच्या वाट्याला फक्त लिपी येते, कान रिकामाच राहतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तोवर ती पाचवीत सुरू होत असे. चार वर्षे आधी सुरुवात झाली, पण ज्या गावांत ही भाषा बोलताना ऐकायलाच मिळत नाही तिथे ती वर्षेही बरीचशी डोळ्यांनीच गेली.

खुद्द इंग्रजीचे स्पेलिंग असे का, हेही मुलांना सांगायला हवे, म्हणजे चूक आपल्या जिभेची नाही हे त्यांना कळेल. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना घातला आणि शब्दांची रूपे हळूहळू थिजू लागली. त्याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर मात्र जागा सोडत चालले होते. सुमारे 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत ते तोंडात वर वर सरकत गेले. लिहिणे जागच्या जागी राहिले, बोलणे पुढे गेले. त्यात विद्वानांनी भर घातली. कर्जाच्या शब्दात पूर्वी बी नव्हताच. लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो घुसवला गेला. पावतीच्या 'रिसीट'मधला पी तसाच. बेट या अर्थाच्या 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला, कारण तो शब्द लॅटिन नव्हताच. म्हणजे 'डेब्ट' म्हणणारी मुलगी एका जुन्या पंडिताची हौस प्रामाणिकपणे वाचून दाखवत असते.

मग बरोबर काय, हे ठरवायचे कुणी? हा वाद इंग्रजांनाही सुटलेला नाही. 1755 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शब्दकोशाचे कर्ते सॅम्युएल जॉन्सन यांना कुणी विचारले की उच्चार का दिले नाहीत. त्यांनी दिलेले उत्तर त्यांचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवून ठेवले आहे. 'ग्रेट' हा शब्द 'स्टेट'शी जुळतो असे लॉर्ड चेस्टरफील्डचे म्हणणे, आणि 'सीट'शी जुळतो असे सर विल्यम यंगचे. एक वरिष्ठ सभागृहातला सर्वोत्तम वक्ता, दुसरा कनिष्ठ सभागृहातला. त्यांचेच जिथे एकमत नाही तिथे कोशकाराने निवाडा कसा द्यावा?

पुढे 1926 मध्ये बीबीसीने निवेदकांसाठी उच्चार ठरवणारी समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष, सोबत ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स आणि नाटककार बर्नार्ड शॉ. ब्रिजेस 1930 मध्ये वारले आणि शॉ अध्यक्ष झाले. एकेका शब्दावर वाद झडले, शिफारशी छापल्या गेल्या, काही पुन्हा बदलाव्या लागल्या, आणि 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर समितीचे काम थांबले. आजही 'ऑफन' म्हणावे की 'ऑफ्टन', 'आयदर' की 'ईदर', 'गॅराज' की 'गॅरिज', यांवर इंग्रज माणसे एकमेकांना टोकतात. 'ऑफ्टन'मधला ट एकदा गळून गेला होता. लोक लिहा-वाचायला शिकले आणि स्पेलिंग पाहून त्यांनी तो परत आणला. राळेगावची मुलगी जे करते तेच, फरक एवढाच की त्यांच्या संख्येमुळे ते आता कोशात नोंदले जाते.

शॉ यांचे नाव आले की मराठी वाचकाला त्यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक आणि त्यापाठोपाठ पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' आठवणारच. 1975 मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात भक्ती बर्वे यांची मंजुळा उभी राहिली आणि उच्चारांचा प्रश्न पुलंनी लंडनच्या रस्त्यावरून उचलून थेट मराठीत आणला. हे रूपांतर इतके चपखल बसले, कारण तो प्रश्न मराठीत आधीपासून होताच. राळेगावात 'पाणी'चे 'पानी' होते, 'कोण'चे 'कोन' होते. वऱ्हाडीत 'डोळा' 'डोया' होतो आणि 'केळी' 'केयी'. मूल शाळेत आले की ही बोली अशुद्ध ठरते. इंग्रजीचा तास सुरू होण्यापूर्वीच, मराठीच्या तासाला, आपले तोंड चुकते हे मूल शिकलेले असते. पुढे 'मोइस्टुरे'ला हसणारा वर्ग त्याच भीतीवर दुसरा थर चढवतो. तालुक्यातल्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, मुलांसाठी तर मराठीच दुसरी भाषा. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली, तिची ध्वनिव्यवस्थाच निराळी. त्या मुलाला इंग्रजी ही तिसरी पायरी आहे, आणि 'बरोबर बोल' हे वाक्य त्याने आधीच्या पायरीवर पुरेसे ऐकलेले असते.

नावांच्या बाबतीत गोऱ्यांनी स्वतःला हा नियम कधी लावला नाही. त्यांनी वऱ्हाडाचे 'बेरार' केले. वणीचे 'वून' करून त्या नावाचा जिल्हाच चालवला. 1905 मध्ये त्याचे नाव बदलले तेव्हा यवतमाळचे 'येओतमाल' झाले आणि 1908 च्या गॅझेटियरवर तेच छापले गेले. अमरावतीच्या बाजारातला कापूस लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी 'ऊमरा' म्हणून विकला. त्या व्यापाऱ्यांना कुणी खाली बसवले नाही. कापूस विकला गेला, शब्द चालला. राळेगावलाही तोच प्रसाद मिळाला आहे. इंग्रजी लिपीत ळ लिहायची सोय नाही, त्यामुळे फलकावरचे आर-ए-एल-ई पाहून परका प्रवासी 'रालेगाव' वाचतो आणि शेवटचे ए-ओ-एन पाहून 'गाओन' असेही म्हणतो. गावकरी त्याला हसत नाहीत, बरोबर नाव सांगतात आणि रस्ता दाखवतात. वर्गातही एवढेच व्हायला हवे.

याचा अर्थ उच्चार कसाही चालेल असा मुळीच नाही. उच्चारावाचून अडते, आणि कधी जीवही जातो. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डबीवरची नावे परकी, लांबलचक: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायफेंथियुरॉन. पहिली दोन एका गटातली, तिसरे निराळ्या. पहिल्या गटावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. दुसऱ्या प्रकारच्या विषाला तो लागू पडेलच असे नाही. रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाने काय फवारले ते नाव डॉक्टरला कळेल असे सांगितले तर उपचारातला वेळ वाचतो. अशा वेळी उच्चार शुद्ध आहे की वऱ्हाडी हा प्रश्नच नसतो; तो ओळखता आला पाहिजे. नाव सांगता येत नसेल तर रिकामी डबी सोबत न्यावी, हे शाळेत शिकवण्यासारखे आहे, आणि ती नावे मोठ्याने वाचायचा सराव इंग्रजीच्या तासाला करून घेण्यासारखा आहे.

ओळखता येणे कशावर अवलंबून असते, याचा अभ्यास भारतात झाला आहे. राळेगाव तालुक्यातल्या वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. त्याच्या त्या टोकाला, हैदराबादेत, 1958 मध्ये इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था सुरू झाली. तिथे आर. के. बन्सल यांनी भारतीयांची इंग्रजी परक्यांना कितपत समजते याचा शोध घेतला. 1969 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते गैरसमजाचे मोठे कारण एखादे अक्षर चुकणे हे नसून शब्दातला आघात चुकणे हे होते. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला तो ऐकूच येत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर, 'फोटोग्राफी' म्हणताना तो 'टो'वर सरकतो, आणि जोर सरकला की बाकीचे स्वर आक्रसतात. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर हवा, आपण तो 'डे'वर देतो. याद्यांमध्ये हे बहुतेक नसते. तिथे गप्प राहणाऱ्या बी आणि पी यांचीच गर्दी असते, कारण ते कागदावर दाखवायला सोपे.

आपल्या लिपीने या कामात मोठी मदत केली आहे, तिचे श्रेय तिला द्यायला हवे. इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक हिंदी लिहिताना एकाच व मध्ये बुडतो. मराठीने 'केव्हा', 'जिव्हाळा' यांतला घरचा व्ह कामाला लावला: 'व्हॅन' वेगळी, 'वॉर्ड' वेगळा. 'बँक'मधला आणि 'डॉक्टर'मधला स्वर दाखवायला चंद्र आला, आणि 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा मिळाली. बाराखडीची चौदाखडी झाली. ज्या मुलाला 'कॅप', 'कप' आणि 'कॉप' हे तीन शब्द देवनागरीत वेगळे लिहिता येतात, त्याला ते वेगळे बोलायलाही शिकवता येतात. थ आणि द मात्र इंग्रजी 'थ'चे काम पुरते करत नाहीत. तिथे जीभ दातांना टेकवून हवा सोडायची असते, आणि हे छापून दाखवता येत नाही, तोंडासमोर करूनच दाखवावे लागते.

काही शब्दांना यादीत ओढून आणू नये. हॉटेल, प्लंबर, बॉम्ब, हायब्रीड हे शब्द मराठी झाले आहेत. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1964 च्या पहिल्या संकरित ज्वारीपासून पुढे, 'हायब्रीड' शब्द खेडोपाडी गेला. त्यातला इ दीर्घ झाला, कुठे 'हायब्रेड' झाला, आणि ज्वारीला नाव मिळाले. मराठी बोलताना तो तसाच म्हणावा. इंग्रजी बोलताना ब्रि ऱ्हस्व करावा आणि 'प्लंबर'मधला ब सोडून 'प्लमर' म्हणावे. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही रूपे राहू शकतात. राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, त्यामुळे 'शेड्यूल्ड ट्राइब' हे शब्द इथे दाखल्यांवर आणि सभांमध्ये नेहमीचे. पुण्यात नोकरीला गेलेला इथलाच मुलगा अमेरिकी साहेबाशी बोलताना 'स्केज्युल' म्हणतो. दोन्ही उच्चार कोशांत आहेत. घरी आल्यावर त्याने 'शेड्यूल' म्हणणाऱ्या मास्तरांना चूक ठरवू नये, आणि मास्तरांनी त्याला.

पुढची यादी या हिशेबाने वाचावी. जिथे दोन उच्चार मान्य आहेत तिथे दोन्ही दिलेले असावेत, जोर कुठे द्यायचा ते ठळक अक्षराने दाखवलेले असावे, आणि प्रत्येक शब्द पाहण्याआधी कुणाकडून तरी ऐकावा. 'रिसीट'पासून सुरुवात केली तर चालेल. बाजार समितीत माल विकणाऱ्या माणसाने तो शब्द ऐकलेला असतो, त्याच्याकडूनच तो ऐकून घ्यावा. मग फळ्यावर स्पेलिंग लिहावे आणि पीवर बोट ठेवून तो तिथे कसा आला ती गोष्ट वर्गाला सांगावी.